पाळण्यापर्यंतची वाट

२०१३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधील एका दैनिकाने एक वार्ता छापली आणि अमेरिकेत काही दिवस मोठा गहजब माजला. मॅनहॅटनमधील काही धनाढ्य कुटुंबे फ्लोरिडातील डिस्ने उद्यानात जाताना चाकांच्या खुर्चीवरील एखाद्या अपंग व्यक्तीला तासाला सुमारे १३० डॉलर मोजून ‘मार्गदर्शक’ म्हणून बरोबर नेतात आणि तिच्या आधाराने लांबलचक रांगा चुकवून आपल्या मुलांना थेट पाळण्यांपर्यंत पोहोचवतात, अशी ती वार्ता होती. खुर्चीवरील व्यक्तीला आणि तिच्यासोबतच्या मंडळींना मुख्य रांगेत उभे न करता बाजूच्या दाराने, पुष्कळदा बाहेर पडण्याच्या वाटेनेच, आत घ्यावे असा त्या उद्यानांत तेव्हा रिवाज होता. रिवाजामागील भावना चांगली होती. परंतु मेहेरबानी म्हणून दिलेली वस्तू बाजारात विकली जाऊ शकते, आणि ही वस्तू तशी विकली गेली.

टीकेचा सारा रोख त्या श्रीमंत पालकांच्या नीतिमत्तेवर राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने जुनी पद्धत मोडून नवी आणली. जेथे रांगेतून खुर्ची जाऊ शकते तेथे खुर्चीवरील व्यक्तीने इतरांप्रमाणे रांगेतूनच यावे. जेथे जाऊ शकत नाही तेथे, त्या घटकेला रांगेत जितका वेळ लागत असेल तितक्या वेळाने परत येण्याची वेळ तिला नेमून द्यावी. म्हणजे थांबायचे सर्वांइतकेच, फक्त थांबण्याची जागा निराळी. तोडगा न्याय्य होता, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र लबाडी धडधाकटांनी केली आणि ज्यांना खरोखरच रांगेत थांबता येत नव्हते त्यांच्यावर छायाचित्रासह नोंदणी करून आपली अडचण समजावून सांगण्याची पाळी आली, हेही नमूद करावयास हवे.

या सगळ्या चर्चेत मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. खुर्चीवरील माणसाला बाजूच्या दाराने न्यावे लागत होते ते का? उत्तर अगदी साधे आहे. रांगेची वाट अरुंद होती. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले ते १७ जुलै १९५५ रोजी, आणि अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणारा अमेरिकेचा व्यापक कायदा झाला तो जुलै १९९० मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांत लोखंडी कठडे, काटकोनी वळणे आणि पायऱ्या यांनी रांगा बांधल्या गेल्या. खुर्चीवर बसून येथे कोणी येईल, हे आखणाऱ्याच्या मनातच आले नव्हते. त्याच उद्यानाला लागून २००१ मध्ये कंपनीचे दुसरे उद्यान उभे राहिले, तेव्हा कायदा हजर होता. तेथील बहुतेक रांगा रुंद आहेत आणि खुर्चीवरील माणूस आपल्या मुलाबाळांसह सर्वांच्या मागेपुढे सरकत जातो. अशा रांगेत भाड्याने घेण्याजोगे काही उरतच नाही. सवलत आराखड्यातच मुरली की तिचा गैरवापर होत नाही, आणि ती मागणाऱ्याकडे कोणी संशयानेही पाहत नाही.

रांग संपल्यावर दुसरी अडचण समोर येते. खुर्चीतून पाळण्याच्या आसनावर जायचे कसे? यासाठी अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेली आणि मार्च २०१२ पासून बंधनकारक ठरलेली मानके आहेत. ती वाचताना जाणवतो तो त्यांचा रोखठोकपणा. नव्या राइडमध्ये तीनपैकी एक तरी सोय हवी: खुर्चीसकट बसता येईल अशी जागा, किंवा सरकून बसता येईल असे आसन, किंवा त्या बदलासाठी एखादे साधन. खुर्चीसाठी जागा ठेवायची तर ती किमान ३० इंच रुंद आणि ४८ इंच लांब हवी. सरकून बसण्याच्या आसनाची उंची चढण्याच्या जागेपासून १४ ते २४ इंचांच्या दरम्यान हवी. वाट सर्वसाधारणपणे ३६ इंचांची हवी. कोणत्या राइडवर यांपैकी कोणती सोय आहे, हे सांगणारा फलक रांगेच्या तोंडाशीच हवा, म्हणजे तासभर थांबल्यावर निराश होऊन परतण्याची वेळ येत नाही. या नियमांत दया, करुणा असले शब्द नाहीत, इंच तेवढे आहेत. अर्थात पळवाटाही आहेत. आपल्या गावोगावच्या जत्रांत लागतात तसे आज येथे, उद्या तेथे उभारले जाणारे फिरते पाळणे या बंधनातून वगळले गेले आहेत.

आसनावर जाण्याचा हा प्रश्न बाहेरून वाटतो त्याहून नाजूक आहे. अमेरिकेतील मोठ्या उद्यानांत कर्मचारी पाहुण्याला उचलत नाहीत. ज्याला स्वतः सरकता येत नाही त्याने सोबतीला कोणी आणावे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे एकट्याने आलेल्या माणसाची पंचाईत होते, हे खरेच. आपल्याकडे उलट चित्र दिसते. चार तरुण पुढे होतात आणि ‘चला काका, उचलतो तुम्हाला’ म्हणत विचारायच्या आत काखेत हात घालतात. त्यांच्या चांगुलपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु परक्या हातांनी, चारचौघांत, गाठोड्यासारखे उचलले जाणे प्रौढ माणसाला काय वाटते, हा विचार त्या घाईत राहून जातो. शिवाय पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला चुकीच्या पद्धतीने उचलणे धोक्याचेही असते. डिस्नेच्या ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या जलसफरीत खुर्चीसकट चढता येईल अशी नाव ठेवलेली आहे. तेथे उचलण्याचा प्रश्नच येत नाही.

पण याच नावेने आणखी एक धडा दिला. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ही सफर मध्येच बंद पडली. इतर प्रवाशांना उतरवून बाहेर नेण्यात आले. खुर्चीवरील एक गृहस्थ मात्र सुमारे अर्धा तास आतच अडकून पडले, कारण त्यांना बाहेर काढण्याची वाट खुर्चीला चालणारी नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये त्यांना आठ हजार डॉलरची भरपाई मिळाली. आत जाण्याचा विचार झाला होता, बाहेर पडण्याचा झाला नव्हता.

‘सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रवेश नाही’ हे वाक्य अपंगांना चांगले परिचित आहे. या वाक्यात तथ्य नाही असे नव्हे. वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या राइडमध्ये धड ताठ ठेवता आले पाहिजे, हातांनी दांडा घट्ट धरता आला पाहिजे, आणि यंत्र बंद पडले तर अरुंद जिन्याने उतरावेही लागेल. ज्याला हे जमणार नाही त्याला अडवणे क्रूरपणाचे नाही. परंतु ‘दांडा धरता येतो का?’ हा एक प्रश्न झाला आणि ‘खुर्चीवर आहात ना? मग नाही’ हा निकाल झाला. पहिला प्रश्न प्रत्येकाला विचारता येतो, धडधाकटालाही. दुसरा निकाल माणूस न पाहता केवळ खुर्ची पाहून दिलेला असतो. सुरक्षिततेच्या अटी प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेल्या असाव्यात, तर्कवितर्कावर किंवा अपंगांविषयीच्या ठोकळेबाज समजुतींवर नव्हे, असे अमेरिकेच्या नियमांनी स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

इच्छा असल्यास किती दूर जाता येते, याचे उदाहरण टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे आहे. गॉर्डन हार्टमन या घरबांधणी व्यावसायिकाने आपल्या अपंग मुलीच्या नावाने तेथे २०१० मध्ये ‘मॉर्गन्स वंडरलँड’ उभारले. एका जुन्या दगडखाणीच्या जागेवर सुमारे पंचवीस एकरांत पसरलेल्या या उद्यानात खुर्चीसकट बसता येईल असे चक्रपाळणे आहेत आणि अपंगांना प्रवेश विनामूल्य आहे. २०१७ मध्ये तेथे जलउद्यानाची भर पडली. विजेवर चालणारी खुर्ची पाण्यात नेता येत नाही, म्हणून दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या तेथे ठेवण्यात आल्या. एका बापाच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडे. तरीही अपंगांसाठी स्वतंत्र नंदनवन हे अंतिम उत्तर मानता येणार नाही. एरवीच्या शंभर उद्यानांना ‘तुमच्यासाठी तेथे आहे की’ असे म्हणून मोकळे होण्याची सोय त्यातून मिळता कामा नये.

डिस्नेच्या कथेला पुढे एक उपरोधिक वळण मिळाले. रांग टाळण्याची सोय १९९९ पासून सर्वांना फुकट होती. २०२१ पासून कंपनी ती पैसे घेऊन विकू लागली, आणि २०२४ मध्ये निघालेल्या सर्वांत महागड्या पासाची किंमत गर्दीच्या दिवशी काही शे डॉलरांवर गेली. त्याच २०२४ च्या मे-जूनमध्ये अपंगांसाठीची परत येण्याची सोय आकसवण्यात आली. ऑटिझम किंवा तत्सम विकासात्मक अवस्थेमुळे ज्यांना दीर्घकाळ रांगेत थांबता येत नाही, अशांपुरती ती मुख्यतः राखली गेली. २०१३ मध्ये ज्या कृत्याबद्दल श्रीमंत पालकांना लाज वाटावी अशी सर्वांची अपेक्षा होती, ते रांग चुकवण्याचे कृत्य आता तिकिटाच्या खिडकीवर उजळ माथ्याने होते.

आता आपल्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व हालचालीचे होते. जेथे दवाखान्याच्या आणि कचेरीच्या दारात उतार नाही, तेथे पाळण्याची कसली चर्चा, असे कोणी म्हणेल. आक्षेप वजनदार आहे, पण तो टिकत नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो आधीच निकालात काढला आहे. ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दाच्या व्याख्येत या कायद्याने विरंगुळ्याच्या आणि मनोरंजनाच्या खाजगी जागांचाही स्पष्ट समावेश केला. अस्तित्वात असलेल्या अशा जागा नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे मुदत २०२२ मध्ये उलटून गेली. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दंड किती? जास्तीत जास्त दहा हजार रुपये. मोठ्या उद्यानात पाच माणसांच्या कुटुंबाने घालवलेल्या एका दिवसाच्या खर्चाहून ही रक्कम फारशी निराळी नाही. एखाद्या मालकाने उतार बांधण्यापेक्षा दंड भरणे पसंत केले, तर हिशेबाच्या दृष्टीने त्याला मूर्ख म्हणता येणार नाही.

दुसरे दुखणे अधिक खोल होते. कायद्याची भाषा सक्तीची होती, पण नियमांनी ज्या मानकांकडे बोट दाखवले ती प्रत्यक्षात शिफारशींच्या स्वरूपाची मार्गदर्शक तत्त्वे होती. राजीव रतुरी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. संबंधित नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून, ज्यांत तडजोड चालणार नाही अशी किमान मानके तीन महिन्यांत निश्चित करावीत, असे न्यायालयाने केंद्र सरकारला बजावले. न्यायालयाची किमान मानके आणि अमेरिकेचे ते इंच यांचा स्वभाव एकच आहे. इमारतीचे दार, जिना, स्वच्छतागृह यांची मापे ठरवणे तुलनेने सोपे. पाळण्याचे आसन, रांगेचे वळण आणि यंत्र बंद पडल्यावर बाहेर येण्याची वाट यांची मापेही त्या मानकांत आली पाहिजेत.

हा विषय चैनीचा नाही, हे शिक्षकांना तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. दरवर्षी हिवाळ्यात शाळांच्या सहली निघतात. वर्गात एखादा मुलगा चाकांच्या खुर्चीवर असेल तर सहलीच्या आदल्या दिवशी काय घडते, ते शिक्षकखोलीत सर्वांना ठाऊक असते. त्याच्या आईला बोलावून, शक्य तितक्या हळुवारपणे, ‘त्याला त्रास होईल हो, उगीच दमेल’ असे सांगितले जाते. आईही समजूतदारपणे मान डोलावते. पुढचा आठवडाभर वर्गात सहलीच्याच गोष्टी चालतात आणि तो मुलगा त्या ऐकत राहतो. अपंग विद्यार्थ्याला खेळ आणि मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने देण्याची जबाबदारी याच कायद्याच्या १६ व्या कलमाने शासकीय आणि अनुदानित शाळांवर घातलेली आहे. तेव्हा सहलीचे ठिकाण ठरवताना, बसभाड्याची चौकशी करतो त्याच सहजतेने, मुख्याध्यापकांनी उद्यानाच्या व्यवस्थापनाला पत्र पाठवून विचारावे: कोणत्या पाळण्यांवर खुर्चीसकट अथवा खुर्चीतून सरकून बसता येते, स्वच्छतागृहाचे दार किती इंचांचे आहे, आणि मध्येच वीज गेली तर आमच्या विद्यार्थ्याला खाली कसे आणाल? ज्या उद्यानाचे उत्तर लेखी येईल, तेथे सहल न्यावी.