फ्रेंच शिकायला व्हाया लंडन कशाला?

धाराशिवहून तुळजापूरला जायचं तर कोणी आधी सोलापूर गाठत नाही. फ्रेंच शिकताना मात्र आपण नेमकं हेच करतो. फोनवर उच्चारांचा कुठलाही इंग्रजीतला धडा उघडा. शिकणाऱ्याची मातृभाषा इंग्रजीच, हे त्यात गृहीत असतं.

तोंडासमोर मेणबत्ती धरा, 'प' म्हणा, ज्योत हलता कामा नये. हा व्यायाम इंग्रजांसाठी आहे. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क ते हवा सोडून म्हणतात आणि फ्रेंचमध्ये ती हवा आवरावी लागते. तुम्ही 'पाणी' म्हणा, ज्योत जागची फारशी हलणार नाही. 'काल' आणि 'खाल', 'ताप' आणि 'थाप' यांत गल्लत न करता आपण वाढलो. जे घरात आहे त्याची शिकवणी कशाला लावायची?

त्याहून वाईट म्हणजे, इंग्रजीमार्गे आलेलं फ्रेंच आपल्याकडचं बरोबर असलेलंही बिघडवतं. फ्रेंच 'त' आणि 'द' दातांना जीभ लावून म्हणतात, आपल्यासारखेच. पण इंग्रजी 'टी' आपल्या कानाला 'ट' वाटतो, म्हणून तुलूजचं टूलूज होतं आणि तँतँचा टिनटिन. देकार्त तेवढा मराठी पुस्तकांत 'त' राखून आला, हे नशीबच म्हणायचं.

घशातला तो फ्रेंच 'र' घ्या. इंग्रजीत त्याच्या जवळचं काही नाही, म्हणून गुळण्या करायला सांगतात! हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 2023 मध्ये नाव बदललं, पण गल्लीतली उर्दू कुठे गेली नाही. शेजारच्या चाचांना 'ग़ज़ल', 'बाग़' म्हणायला सांगा आणि तो 'ग़' नीट ऐका. पॅरिसचा 'र' त्याच्या अगदी शेजारी राहतो.

आपल्या खऱ्या अडचणींबद्दल मात्र हे धडे गप्प. फ्रेंच 'ज'साठी 'मेझरमधला आवाज' एवढंच सांगून पुढे जातात, आणि आपण तर मेझरलाही मेजर म्हणतो. 'जीव' असो की 'जत्रा', आपल्या दोन्ही 'ज'मध्ये जीभ आधी टेकते. फ्रेंचमध्ये ती टेकवायचीच नाही. लांब 'श्श्श' म्हणत राहा आणि मध्येच गळ्यातून आवाज काढा. गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर कळेल.

दुसरी अडचण 'व'ची. मराठी 'व' मधला आहे, धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. फ्रेंचमध्ये दोन वेगळे आहेत. एकात वरचे दात खालच्या ओठावर घासतात, दुसऱ्यात फक्त ओठांचा चंबू होतो. रस्त्याला म्हणतात 'व्वा', त्यात आधी दात आणि लगेच चंबू. नुसता चंबू केलात तर 'वा', म्हणजे हंस. इंग्रजाला हे दोन्ही येतात, म्हणून त्याच्या धड्यात यावर एक ओळही नसते. पहिले आठ दिवस तुम्ही एवढंच घोका: व्वा, वा, व्वा, वा. घरचे हसतील, हसू द्या.