आल्फ्रेड राजाची प्रस्तावना

इंग्रजी शाळेंत जाणारा एखादा विद्यार्थी इंग्रजी निबंधांत पहिला येतो. परंतु गांवीं आजीला मराठींत चार ओळींचें पत्र लिहावयाचें झालें, म्हणजे त्याची लेखणी अडखळते. कित्येक पालकांस याचा खेद तर होत नाहींच, उलट भूषण वाटतें. अशांस आम्ही खुद्द इंग्रजी भाषेचीच एक जुनी हकीकत सांगूं इच्छितों.

आल्फ्रेड हा इ. स. ८७१ मध्यें वेसेक्सच्या गादीवर बसला. डेन लोकांच्या स्वाऱ्यांनीं तेव्हां इंग्लंड जर्जर झालें होतें. मठ लुटले जात होते व त्यांबरोबर ग्रंथही नाहींसे होत होते. ८७८ च्या आरंभीं खुद्द राजास सॉमरसेटच्या दलदलींत आश्रय घ्यावा लागला. करपलेल्या भाकरींची प्रसिद्ध गोष्ट याच काळची म्हणून सांगतात. ती मात्र मागाहून जोडलेली दंतकथा होय. त्याच वर्षीं विल्टशरांतील एडिंग्टन येथें त्यानें डेनांचा पराभव केला. परंतु आमच्या मतें त्याचा थोर पराक्रम पुढेंच आहे.

विद्येची भाषा त्या काळीं लॅटिन होती. पोप ग्रेगरी यांच्या एका लॅटिन ग्रंथाचें आल्फ्रेडनें इंग्रजींत भाषांतर केलें. त्याच्या प्रस्तावनेंत तो म्हणतो कीं, आपण गादीवर आलों तेव्हां साध्या लॅटिन पत्राचा इंग्रजींत अर्थ सांगणारा एकही मनुष्य थेम्सच्या दक्षिणेस असल्याचें आपणांस आठवत नाहीं. त्याहून मार्मिक गोष्ट तो पुढें सांगतो: जाळपोळीच्या पूर्वीं देवळें ग्रंथांनीं भरलेलीं होतीं, पण ते लोकांच्या स्वतःच्या भाषेंत नसल्यामुळें त्यांचा उपयोग फारच थोडा झाला.

म्हणून त्यानें असें योजिलें कीं, अत्यंत आवश्यक ग्रंथ स्वभाषेंत आणावे, ऐपतदार स्वतंत्र घरांतील मुलांनीं आधीं इंग्रजी वाचावयास शिकावें, आणि ज्यांस पुढें जावयाचें असेल त्यांनीं मग लॅटिन शिकावें. या भाषांतराच्या प्रती त्यानें धर्माध्यक्षांकडे पाठविल्या. वूस्टरला पाठविलेली प्रत ऑक्सफर्ड येथें आजही जपून ठेविलेली आहे.

कोणी म्हणेल, “इंग्रजीनें भाकरी मिळते, मराठी काय, आपोआप येईल.” इंग्रजीची उपयुक्तता आम्हांस अमान्य नाहीं. आल्फ्रेडनेंही लॅटिनचा तिरस्कार केला नाहीं. चाळिशीच्या सुमारास तो स्वतः ती शिकला. पण जें शिकला तें त्यानें आपल्या लोकांच्या भाषेंत ओतलें. परभाषेचें ज्ञान हें घरीं आणावयाचें धन आहे, घर सोडण्याचें निमित्त नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें.

याच विल्टशरांत जन्मलेले फादर स्टीफन्स गोव्यास आले, मराठी शिकले, आणि १६१६ सालीं त्यांचें ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें. सातासमुद्रांपलीकडील मनुष्यास जी भाषा महाकाव्यास पुरेशी वाटली, ती आमच्या मुलांस पत्रापुरतीही येऊं नये काय?

तेव्हां विद्यार्थ्यांस आमची एकच विनंति आहे. येत्या सुटींत इंग्रजींत वाचलेली एखादी आवडती गोष्ट मराठींत उतरवून काढा आणि घरीं आजीस वाचून दाखवा. मध्येंच थांबवून तिनें अर्थ विचारला नाहीं, तर तुम्ही परीक्षेंत उत्तीर्ण झालां असें आम्ही समजूं.