.315 चे मूळ ऑस्ट्रियात

संपादक महोदय,

आपल्याकडच्या .315 रायफलीचे काडतूस म्हणजे .303 चीच आवृत्ती, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान चुकीचे आहे. हे काडतूस मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे, मानलिखर रायफलीचे. 8 मिलिमीटर म्हणजेच .315 इंच, नावाचा उलगडा तिथेच होतो. ब्रिटिश अमदानीत लष्करी .303 सामान्यांच्या हाती जाऊ नये, म्हणून हे परके काडतूस नागरी रायफलींसाठी स्वीकारले गेले. पुढे इशापूरच्या कारखान्याने .303 च्या ली-एनफिल्ड रायफलीच्या धर्तीवर .315 स्पोर्टिंग रायफल घडवली. गोंधळ या साम्यातूनच होतो. पण .303 ची पुंगळी 56 मिलिमीटर लांब, .315 ची 50. एकाच्या जागी दुसरे कधीही वापरू नये. अर्धवट माहिती इथे जिवावर बेतते. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक जुना नेमबाज, कोल्हापूर