यार्डांच्या बेरजेने रनिंग बॅक मोजू नका
अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक संघाच्या रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंची, प्रतवारी लावली जाते. ती बहुतेकदा मागच्या वर्षीच्या यार्डांवर ठरते आणि तिथेच गफलत होते. क्विनशॉन जडकिन्सचेच पाहा. मिसिसिपी विद्यापीठाकडून २०२२ मध्ये त्याची सरासरी दर धावेमागे ५.७ यार्ड होती. पुढच्या वर्षी जवळपास तितक्याच धावांत ती ४.३ वर आली. खेळाडू उतरणीला लागला, असेच आकडा सांगत होता. पण २०२४ मध्ये ओहायो स्टेटकडे गेल्यावर त्याने १९४ धावांत १,०६० यार्ड काढले. पाय तेच होते. पुढे वाट मोकळी करणारी फळी बदलली होती आणि भार वाटून घ्यायला दुसरा रनिंग बॅक ट्रेव्हियन हेंडरसन होता.

भार विभागला की कुणालाच लय सापडत नाही, हा आक्षेप पोकळ नाही. त्याच हंगामात बॉइझी स्टेटच्या ॲश्टन जेन्टीने एकहाती ३७४ धावांत २,६०१ यार्ड काढले. पण असा खेळाडू फार विरळा. त्याच्यावरून नियम बांधता येत नाही. हेंडरसनने अवघ्या १४४ धावांत १,०१६ यार्ड काढले, शिवाय क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर, चालून येणाऱ्यांना चोख अडवले. हे काम यार्डांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही, आणि सामने मात्र त्यावर फिरतात. जानेवारी २०२५ मध्ये ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हंगामातल्या त्या सोळाव्या सामन्यात जडकिन्सने ११ धावांत १०० यार्ड काढले. ही ताकद आधीच्या पंधरा सामन्यांत वाचवलेल्या धावांतूनच आली, असे माझे ठाम मत आहे.