विश्लेषण : 'बजेट' ग्राफिक्स कार्डात पैसे नेमके कुठे बुडतात?

दहावी-बारावीचे निकाल लागले, अभियांत्रिकी, ॲनिमेशन आणि वास्तुकलेचे प्रवेश सुरू झाले की उल्हासनगरचे कॅम्प, अंबरनाथचा स्टेशन परिसर आणि बदलापूरच्या पूर्व-पश्चिमेतील संगणक दुकानांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : कार्ड किती जीबीचे आहे? चार जीबीपेक्षा आठ जीबी चांगले, असा साधा हिशेब करून पालक १५ ते २५ हजार रुपये मोजतात. या पट्ट्यातील अनेक घरांत ही रक्कम म्हणजे एका महिन्याचा पगार असतो. फसगत होते ती बहुधा या एका आकड्यावर विसंबल्यामुळे.

कार्ड प्रत्येकाला लागते का?

नाही. पडद्यावरचे चित्र तयार करण्याचे काम करणारी चिप आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये अंगभूत असते. टॅली, ऑनलाइन तास, कोडिंग, सादरीकरणे, फोटोंची साधी सफाई एवढ्यासाठी ती पुरते. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी यांसारख्या प्रोसेसरवर 'व्हॅलोरंट'सारखा हलका खेळही व्यवस्थित चालतो. वेगळे कार्ड लागते ते त्रिमितीय आरेखन, ब्लेंडरसारखी सॉफ्टवेअर, नवे मोठे गेम, लग्नाच्या चित्रफितींचे जड संकलन आणि घरच्या संगणकावर 'एआय'चे प्रयोग करणाऱ्यांना. यातही फरक आहे. एआयची बरीचशी साधने एनव्हिडियाच्या 'कुडा' प्रणालीवर बेतलेली असल्याने त्या विद्यार्थ्याला एनव्हिडियाचे कार्ड सोयीचे पडते. केवळ गेम खेळणाऱ्याला ते बंधन नाही.

एक सापळा मात्र ध्यानात ठेवावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' असतो, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी असा प्रोसेसर घेतला, की कार्ड घेणे सक्तीचे होते आणि मग गरज नसताना कुठले तरी स्वस्त कार्ड गळ्यात पडते. 'आधी कार्डाशिवाय चालवू, गरज पडली तर पुढच्या वर्षी टाकू' हा पर्यायच उरत नाही.

एकाच नावाची दोन कार्डे कशी?

हाच या बाजारातील सर्वांत मोठा घोळ आहे. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर-५ मेमरीसह आले. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर-४ मेमरीचे कार्ड विकले जाऊ लागले. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ गीगाबाइट विदा हलवते, दुसऱ्याची जेमतेम १६.८. दोन्हींवर '२ जीबी' असेच लिहिलेले. म्हणजे टाकी तेवढीच, पण नळ एक तृतीयांश.

२०१६ च्या जीटीएक्स १०६० मध्येही असेच झाले. सहा जीबीच्या कार्डात १,२८० गणनकेंद्रे, तर तीन जीबीच्या कार्डात १,१५२. ग्राहकाला वाटले, फरक फक्त मेमरीचा आहे. एएमडीच्या आरएक्स ५८० मध्ये मुळात २,३०४ केंद्रे असतात; २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी त्याच नावाची २,०४८ केंद्रांची आवृत्ती काढण्यात आली. आजही जुन्या मालात ती सर्रास दिसते. ताजे उदाहरण आरटीएक्स ३०५० चे. २०२२ चे आठ जीबीचे कार्ड २,५६० केंद्रांचे आणि १३० वॅटचे. २०२४ चे सहा जीबीचे कार्ड २,३०४ केंद्रांचे आणि ७० वॅटचे. नाव एकच, वस्तू दोन.

कंपन्यांना हे कळत नाही असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० चे १२ जीबीचे कार्ड बाजारात येण्याआधीच मागे घेतले. कारण त्या नावाने गोंधळ होतो, हे कंपनीनेच मान्य केले. ते कार्ड होते ८९९ डॉलरचे. महागड्या कार्डाच्या ग्राहकाबाबत जी जाग आली, ती १५ हजारांच्या कार्डाच्या ग्राहकाबाबत आलेली दिसत नाही. जीटीएक्स ९७० च्या चार जीबी मेमरीपैकी शेवटचा अर्धा जीबी संथ असल्याच्या वादात २०१६ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. ती तडजोड अमेरिकी ग्राहकांपुरतीच होती.

मग 'उल्हासनगरचा माल' म्हणून हिणवणे कितपत योग्य?

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. हातात काही नसताना या लोकांनी उद्योग उभे केले. 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तेव्हापासून चिकटला आहे. संगणकाचे सुटे भाग घेतानाही तो ऐकवला जातो आणि 'इथे नको, लॅमिंग्टन रोडलाच जा' असा सल्ला दिला जातो.

बनावट कार्डे बाजारात असतात, हे खरेच. दशकाहून जुन्या चिपचे सॉफ्टवेअर बदलून ती 'जीटीएक्स १०५० टीआय' म्हणून विकण्याचे प्रकार जगभर झाले आहेत आणि ऑनलाइन बाजारही त्यातून सुटलेला नाही. पण वर दिलेली नावांची फसगत कोणत्याही कॅम्पात शिजलेली नाही. ती अस्सल खोक्यात, अस्सल होलोग्रामसह येते. ती लॅमिंग्टन रोडवर म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरही तशीच मिळते. उलट बदलापूरहून तिथे जायचे तर सुमारे ६८ किलोमीटरचा लोकलप्रवास, दादरला गाडी बदलणे आणि कार्ड बिघडले तर पुन्हा तोच फेरा. शे-पाचशे रुपये स्वस्त मिळाल्याचा आनंद पहिल्या रजेतच संपतो. जवळचा, बिल देणारा आणि दुकानातच कार्ड लावून दाखवणारा दुकानदार हा याहून चांगला सौदा आहे.

कार्डाआधी काय पाहावे?

पहिली गोष्ट वीजपुरवठा करणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या पेटीवर ४५० वॅट छापलेले असते, पण तेवढा भार ती पेलेलच असे नाही. मदरबोर्डची खाच कार्डाला कमाल ७५ वॅट देऊ शकते. त्याहून जास्त वीज मागणाऱ्या कार्डाला पेटीतून स्वतंत्र वायर लागते. सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० किंवा जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल खाचेतल्या विजेवरच चालतात. १३२ वॅटच्या आरएक्स ६६०० ला स्वतंत्र वायर आणि नावाजलेल्या कंपनीची पेटी हवी. पावसाळ्यात विजेचा दाब वर-खाली होणाऱ्या आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या बदलापूर-अंबरनाथसारख्या ठिकाणी पेटीवरचे दोन-तीन हजार वाचवणे म्हणजे सगळा संगणक पणाला लावणे.

दुसरी गोष्ट मदरबोर्ड. कार्यालयांतून निघालेले जुने संगणक स्वस्तात घेऊन त्यात कार्ड बसवण्याचा प्रघात आहे. त्यातील छोट्या आकाराच्या पेट्यांत पूर्ण उंचीचे कार्ड बसतच नाही आणि एसएमपीएस कंपनीच्या खास मापाची असल्याने बदलताही येत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड मदरबोर्डशी चारच मार्गिकांनी जोडले जाते. नव्या बोर्डवर ते खपून जाते, पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डवर मात्र त्याचा वेग लक्षणीय घटतो. इंटेलच्या आर्क कार्डांना 'रिसायझेबल बार' ही सुविधा हवी. ती नसेल तर १२ जीबीचे बी५८० सुद्धा अडखळते.

तिसरी गोष्ट मॉनिटर. साठ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवतो. त्यावर दीडशे चित्रे काढणाऱ्या कार्डाचे पैसे दिसत नाहीत, फक्त वीजबिलात येतात.

जुने कार्ड घ्यावे का?

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने खननाची पद्धत सोडली आणि तोवर दिवसरात्र राबलेली हजारो कार्डे जुन्या बाजारात आली. तशी सगळीच कार्डे टाकाऊ नसतात. पण पंखे झिजलेले आणि थर्मल पेस्ट वाळलेली असण्याची शक्यता मोठी असते.

त्याहून महत्त्वाचे दोन मुद्दे आहेत. एक, ड्रायव्हरचा. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतील कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहे. यापुढे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. म्हणजे स्वस्तात मिळणारे १०५० टीआय किंवा १०६० जुन्या खेळांपुरतेच घ्यावे. दोन, विजेचा. १८५ वॅटचे आरएक्स ५८० आणि ७० वॅटचे ३०५० यांत ११५ वॅटचा फरक आहे. रोज चार तास पूर्ण भाराने वापर धरला तर वर्षाला सुमारे १६८ युनिट, युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला १,६८० आणि तीन वर्षांत पाच हजार रुपये. जुन्या कार्डात वाचलेल्या पैशांचा मोठा भाग असा महावितरणकडे जातो.

तरीही घ्यायचेच असेल तर विकणाऱ्यासमोर ते २० मिनिटे पूर्ण भाराने चालवावे, तापमान आणि पंख्याचा आवाज पाहावा, सगळी पोर्ट तपासावीत. 'जीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर केंद्रांची संख्या, मेमरीचा प्रकार दाखवते आणि एनव्हिडियाचे कार्ड बनावट असल्यास बहुधा तसा शेराही मारते. कार्डाच्या पाठीवर हिरवट-पांढरे डाग दिसले तर ते पाणी किंवा दमट हवा लागलेले असू शकते. उल्हास नदीच्या पुराचे पाणी घरात शिरलेले पाहिलेल्या या भागात हे तपासणे आवश्यकच आहे.

बिलाशिवाय स्वस्त मिळत असेल तर?

ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. वीस हजारांच्या मूळ किमतीवर तो ३,६०० रुपये होतो. 'बिल नको असेल तर कमी करतो' हे वाक्य त्यामुळेच मोहात पाडते. पण कार्डावर साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती मागण्यासाठी बिल लागू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते; १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर आधी दाद मागता येते. या सगळ्याची सुरुवात बिलापासून होते. बिलावर 'ग्राफिक्स कार्ड ८ जीबी' असे मोघम नको. पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा.

मग निवड काय करावी?

नक्की काम ठरलेले नसेल तर आज कार्ड घेऊच नये. अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर आणि चांगली पेटी घ्यावी. जुन्या संगणकात आणि मर्यादित वीजपेटीवर बसवायचे असेल तर सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० पुरेसे आहे, मात्र ते सहा जीबीच्याच भावात मिळायला हवे. केवळ गेम आणि १०८०पी मॉनिटर असेल तर आठ जीबीचे आरएक्स ६६०० अजूनही हिशेबात बसते. त्रिमितीय काम आणि एआय शिकणाऱ्याने थोडे थांबून, पैसे साठवून आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० पर्यंत जावे. दोन वर्षांत बदलावे लागणारे कार्ड आज स्वस्त वाटले तरी शेवटी तेच महाग पडते.

जबाबदारी केवळ ग्राहकाचीच का?

फ्रिज घेताना त्याच्या दारावर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकित लेबल असते. वर्षाला किती युनिट लागतील हे न शिकलेल्या माणसालाही कळते. वेष्टित वस्तूंवर कमाल किंमत आणि आयातदाराचे नाव छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मग वीस हजारांच्या कार्डाच्या खोक्यावर गणनकेंद्रांची संख्या, मेमरीचा प्रकार व वेग आणि लागणारे वॅट ठळक, एकाच जागी, मराठी-हिंदीतही का नसावेत? एकाच नावाने दोन वेगळ्या क्षमतेच्या वस्तू विकण्यास मनाई करायला नव्या कायद्याचीही गरज नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईचे अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आजही आहेत. ते वापरले जात नाहीत तोवर खोक्यावरच्या जीबीऐवजी मेमरीचा प्रकार, वॅट आणि बिल या तीन गोष्टी विचारणे एवढेच ग्राहकाच्या हाती आहे. ज्या दुकानात त्यांची सरळ उत्तरे मिळत नाहीत, तिथून कार्ड न घेता निघावे.