किरण मोजणारी माणसं

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद. आपल्या सीमाभागात घरात कॅन्सर निघाला की रात्रभर एकच खल चालतो: कलबुर्गीचं किदवाई केंद्र, सोलापूर, बार्शी की हैदराबाद? डॉक्टर कोण, मशीन कोणतं, खर्च किती, सगळं विचारलं जातं. डॉक्टरांनी ठरवलेली किरणांची मात्रा तेवढीच आणि तिथेच पडेल, हे पाहणाऱ्या मेडिकल फिजिसिस्टची चौकशी मात्र कुणी करत नाही. या दिवाळी अंकाच्या पहिल्या पानाचा मान आम्ही त्यालाच देत आहोत.

पहिला पेशंट टेबलावर येण्याआधी त्याने मशीन तपासलेलं असतं. ठरावीक दिवसांनी पाण्याच्या टाकीत आयन चेंबर बुडवून तो किरणांची मात्रा मोजतो. चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. बिदरचं पठार समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच, म्हणजे हवा विरळ. मुंबईतली तीच मात्रा इथे काट्यावर ६ ते ७ टक्के कमी दिसेल. हवेच्या दाबाचा हिशेब धरला नाही, तर पेशंटला तेवढी जास्त मात्रा बसेल. आणि या उपचारात ५ टक्क्यांची चूकही जड जाते. कोबाल्टचं मशीन असेल तर त्याचा जोर सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो, म्हणून उपचाराची मिनिटंही पुन्हापुन्हा मांडावी लागतात.

आपल्या देशात हे काम टाटा मेमोरियलमध्ये १९४१च्या सुमारास रामय्या नायडूंनी उभं केलं. मादाम क्यूरींच्या प्रयोगशाळेत शिकलेला हा माणूस. १९६२पासून तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात या विषयाची रीतसर पदविका मिळू लागली, १९७६मध्ये देशभरातल्या या मंडळींनी आपली संघटना बांधली. आज फिजिसिस्टशिवाय किरणोपचार केंद्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी मिळत नाही. एका व्यवसायाने कष्टाने मिळवलेली ही जागा आहे.

म्हणून आमदार-खासदारांकडे मशीन मागताना फिजिसिस्टची कायम जागाही मागा. आणि आपल्याकडे फिजिक्स घेऊन बीएस्सी, एमएस्सी होणारी पोरं काय कमी आहेत? एमएस्सीनंतरची पदविका आणि वर्षभराची इंटर्नशिप केली, की हे दार त्यांनाही उघडं आहे. पण ते आहे हे सांगणार कोण? ७ नोव्हेंबर, मादाम क्यूरींचा जन्मदिवस, जगभर मेडिकल फिजिक्स दिन म्हणून पाळतात. बिदर, कलबुर्गी, उदगीरच्या प्राचार्यांना आमची विनंती आहे: त्या दिवशी एका फिजिसिस्टला कॉलेजात बोलवा. येण्याजाण्याचा खर्च हा अंक करील.