कुलचा कुणी खाल्ला?

मी कळंबचा. मॅट्रिक झालो नि मुंबईच्या गोदीत लागलो. गोदीत झेंडा पूजेला नसतो. जहाजावर लाल चढला की पोटात धोक्याचा माल. पिवळा चढला की जहाजावर रोगराई नाही, बंदरात येऊ द्या. झेंडा बघायचा नि आत काय भरलंय ते ओळखायचं. त्याच डोळ्यांनी मी गावाकडचे झेंडे बघतो.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत कळंबवर निजामाचा झेंडा होता. पिवळा, मधोमध गोल. तो गोल सूर्य नाही, चंद्र नाही. कुलचा. रोटी! दंतकथा अशी, की एका अवलियानं पहिल्या निजामाला कुलचे वाढले. त्यानं सात खाल्ले. अवलियानं सात पिढ्यांचं राज्य देऊन टाकलं.

म्हणजे झेंड्यावर रोटी आणि झेंड्याखाली माझा पणजा वेठीला. त्यानं सांगावे नेले, सरपण फोडलं, मेलेलं ढोर ओढलं आणि दारोदार शिळी भाकर मागितली. गादीवर निजाम होता, खरं. पण पणज्याला वेठीला हाकणारा त्याच्याच गावचा, त्याच्याच देवाला नारळ फोडणारा होता. त्याचं नाव कुठल्याच झेंड्यावर नाही.

मग गोल गेला, गोल आला. कुलच्याच्या जागी चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र. घटना समितीनं हा तिरंगा 22 जुलै 1947 ला स्वीकारला. झेंडा ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. कुलचा म्हणजे दान, राजाच्या पोटात गेलेलं. चक्र म्हणजे धम्म, कायदा. तो सगळ्यांसाठी सारखा फिरायला हवा.

फिरला? 1972 साली राजा ढालेंनी 'साधना'त हिशेब मांडला : झेंड्याच्या अपमानाला दंड मोठा, दलित बाईच्या अब्रूला किरकोळ. लोक चवताळले ते झेंड्यासाठी, बाईसाठी नाही! 1978 ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, तर मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या. नाव लागायला 1994 उजाडलं, तेही जुन्याला जोडून. 2023 ला उस्मानाबादचं धाराशिव झालं. तेव्हा कुणाला मराठवाड्याची अस्मिता आठवून आग लावावीशी वाटली नाही.

दोस्तहो, 17 सप्टेंबरला सलाम जरूर ठोका. पण काठीवर कुठलाही रंग चढो, आपला निळासुद्धा, आधी गोदीतला सवाल टाका : पोटात काय भरलंय? भाकर कुणाच्या ताटात जाणार? उत्तर नसेल तर ती काठी खांद्यावर घेऊ नका. ओझी आपण पुष्कळ वाहिली.